अरुंद पडवी, रुंद भिंग

आज आम्ही हप्ते, व्याज आणि बँकेची कागदपत्रं बाजूला ठेवणार आहोत. आज बोलायचं आहे जुन्या कॅमेऱ्याच्या एका भिंगाबद्दल. बचत गटाचा आणि भिंगाचा काय संबंध, असं वाटेल. तो सांगतो.

आपल्या गटांचे फोटो आठवून बघा. मध्ये पाहुणे, हातात धनादेश नाहीतर प्रमाणपत्र आणि दोन्ही बाजूंना ओळीने आपण. पण कोकमाच्या सालींना रसाची पुटं देताना, आंब्याची साठं घालताना, काजू फोडताना, सुकी मासळी निवडताना काढलेला फोटो कितीजणींकडे आहे? बहुतेक गटांकडे एकही नाही. वर्षभर राबायचं आणि फोटोत दिसायचं ते सत्काराच्या दिवशी, असं होतं.

याला एक कारण जागेचं आहे. आपलं काम पडवीत, मागच्या दारी, नाहीतर माजघरात चालतं. चौघी सुपं घेऊन बसल्या की फोटो काढणाऱ्याला मागे सरकायला भिंत आडवी येते. चौघींतल्या दोघीच चौकटीत बसतात.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी फोटोचा व्यवसाय होता. तो बंद पडला आणि सामान ट्रंकेत गेलं. भंगारात देण्याआधी ताईंनी ते आम्हाला दाखवलं. त्यात झोर्की हा जुना रशियन कॅमेरा होता आणि ज्युपिटर-12 नावाचं 35 मिलिमीटरचं रुंद भिंग. त्याची मूळ रचना जर्मनीतल्या त्साइस कंपनीच्या बायोगॉन भिंगाची. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी ती पुढे चालवली.

रुंद म्हणजे किती? हिशेब सोपा आहे. 35 मिलिमीटरच्या भिंगाने दहा फुटांवरून साधारण दहा फूट रुंदीचं दृश्य मावतं. नेहमीच्या 50 मिलिमीटरच्या भिंगात तेवढ्याच अंतरावरून सातच फूट मावतं. म्हणजे कडेच्या दोघी आत येतात, भिंत पाडावी लागत नाही.

असा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. यात आपण भिंगातून बघत नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचं कडं फिरवून त्या एकावर एक आणल्या की अंतर जुळलं. भिंगावर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतं, तेव्हा झाकण आधी खिशात टाकायचं. झोर्कीची खिडकी 50 मिलिमीटरपुरतीच दाखवते, म्हणून 35 साठी वर वेगळी छोटी खिडकी बसवावी लागते. आणखी एक नियम: आधी फिल्म पुढे सरकवायची, मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केलं तर यंत्र बिघडू शकतं.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती अंतर आधीच लावून ठेवायची पद्धत. पडवीत दिवसाउजेडी अ‍ॅपर्चर 8 वर आणि अंतर 3 मीटरवर ठेवलं, की साधारण 2 ते 7 मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. मग कडं फिरवत बसायला नको. बायका कामाला लागल्या, गप्पा सुरू झाल्या, की फक्त बटण दाबायचं. अंधाऱ्या माजघरात मात्र अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावं लागतं आणि स्पष्टतेचा पट्टा अगदी लहान होतो. तिथे आम्ही शिवणकामाची टेप घेऊन अंतर मोजतो. हे भिंग एक मीटरच्या आत चालत नाही, हेही टेपच सांगते. शिवाय जुन्या भिंगावरचं आवरण साधं असतं. समोर उघडी खिडकी आली की फोटो धुरकटतो. म्हणून उजेड बाजूने घ्यायचा.

रुंद भिंगाच्या खोडीही आहेत. कडेला बसलेली बाई ताणली जाते, उगाच जाडी दिसते. म्हणून चेहरे अगदी काठावर ठेवू नयेत. कॅमेरा तिरपा झाला तर भिंती कलतात. उभं राहून खाली बसलेल्या बाईचा फोटो काढला, तर डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. उपाय एकच, आपणही जमिनीवर बसायचं. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आला की हातातलं सूप, समोरची परात आणि मागची जोडीदारीण, सगळं आपापल्या जागी दिसतं.

असं जवळ बसायला आपलंच माणूस लागतं. मीटरभरावरून कुणाचा चोरून फोटो काढता येत नाही. विचारावं लागतं. ती नको म्हणाली तर नको. आणि माजघरात बाहेरच्या पुरुषासमोर ज्या आवरून-सावरून बसतात, त्या आपल्यासमोर काम चालू ठेवतात.

इथे होमाई व्यारावालांची आठवण काढायला हवी. त्यांचा जन्म 1913 सालचा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. सुरुवातीचे त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. रोलीफ्लेक्स आणि जडशीळ स्पीड ग्राफिक घेऊन त्या साडीत फिरायच्या. लोक त्यांना गंभीरपणे घेत नसत, आणि त्याचाच आपल्याला फायदा झाला, असं त्या सांगत. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचे कॅमेरे वेगळ्या जातीचे होते, पण मुद्दा तोच: कॅमेरा कुणाच्या हातात आहे, त्यावर कुणाला काय दिसतं ते ठरतं.

तुमच्या घरच्या ट्रंकेत असं काही असेल तर ऐका. आपल्या कोकणच्या पावसात भिंगाला बुरशी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशीच. चामड्याच्या पिशवीत भिंग ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्यात ठेवा. ज्युपिटर-12 ची मागची काच बरीच बाहेर आलेली असते, तेव्हा ते मागच्या बाजूवर टेकवू नका. भिंग उघडं ठेवून कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला, तर आतला कापडी पडदा जळून भोक पडतं. फिल्मचा खर्च परवडत नसेल, तर जोडकडं लावून बरीचशी जुनी भिंगं आजच्या आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसतात. मात्र ज्युपिटर-12 ची मागची काच काही कॅमेऱ्यांत आत अडते, म्हणून आधी खात्री करून घ्या.

आणि जुना कॅमेरा नाहीच मिळाला तर? हातातल्या मोबाइलचं मुख्य भिंग 35 मिलिमीटरपेक्षाही थोडं रुंदच असतं. नियम तेच. जवळ जा, खाली बसा, मोबाइल सरळ धरा, चेहरे काठावर ठेवू नका, उजेड बाजूने घ्या, आणि आधी विचारा.

आमसुलाचा भाव करताना गिऱ्हाईक विचारतं, "एवढे कसे?" तेव्हा स्टॉलवर एक फोटो असावा. सालीला पुन्हा पुन्हा पुट देणारे, रसाने लाल झालेले हात आणि त्या हातांची माणसं. भाव समजावून सांगायचं निम्मं काम तो फोटो करील. आणि वीस वर्षांनी नातीने विचारलं, "आजी, तू काय करायचीस?", तर तिच्यासमोर ठेवायला सत्काराच्या फोटोसोबत कामाचाही फोटो असेल.

या महिन्यात प्रत्येक गटाने काम चालू असतानाचा एक तरी फोटो काढायचा, आणि तो गटातल्याच बाईने काढायचा, एवढं ठरवू या. मागे तारीख आणि सगळ्यांची नावं लिहायला विसरू नका.