काम आटलं, आता साइट सोडायची का?



परभणी जिल्ह्यातल्या सेलूत भरलेल्या अनुवादक, लेखक, मुद्रितशोधक आणि मांडणीकारांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अशा भाषणात भाषेच्या थोरवीवर बोलायचा प्रघात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा अभिमान या सभागृहात कुणाला नाही? पण कालपासून तुमच्यापैकी जे जे भेटले, त्यांनी मला थोरवीबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "ताई, फ्रीलान्सच्या साइटवर काम येईनासं झालंय. थांबू की सोडून देऊ?" मी आज याच प्रश्नावर बोलणार आहे. १९९५ मध्ये आपल्या परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्षस्थानी नारायण सुर्वे होते. ज्या जिल्ह्यानं कामगारांच्या कवीला त्या खुर्चीत पाहिलं, तिथं मजुरीची गोष्ट साहित्याच्या मंचावर काढायला संकोच कशाचा?

आधी हे समजून घेऊ की आपण त्या साइटवर गेलो कशासाठी. सेलू हे मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचं गाव. या रेल्वेनं इथून कापूस बाहेर नेला आणि शिकलेली मुलंही नेली. ज्याला इंग्रजी चांगलं येतं, त्यानं पुण्याची नाही तर हैदराबादची गाडी धरायची, हे ठरूनच गेलं होतं. मग घरबसल्या फ्रीलान्स काम मिळवून देणाऱ्या साइट्स आल्या: एलान्स १९९९ मध्ये सुरू झालं, पुढे ओडेस्क आलं, २०१३ च्या अखेरीला दोन्ही एकत्र आले आणि २०१५ मध्ये त्यांचं अपवर्क झालं. २०१० मध्ये फायवर सुरू झालं. मराठवाड्यात इंटरनेट बरं चालायला लागल्यावर आपल्यापैकी अनेकांनी या साइट्सवर खाती उघडली. आयुष्यात कधी न पाहिलेला टोरांटोचा माणूस सेलूच्या मुलीकडून काम करून घेतो आणि पैसे आधीच साइटकडे जमा करून ठेवतो, ही लहान गोष्ट नव्हती. आई-वडिलांजवळ राहून, शेतीवर लक्ष ठेवून, लेकरांची शाळा सांभाळून कमावता येऊ लागलं. म्हणून "साइट सोडू का?" असं जेव्हा इथली मुलगी विचारते, तेव्हा मला त्यात दुसरा प्रश्न ऐकू येतो: आता गाव सोडावं लागेल का? पुण्यात राहणाऱ्याला साइट सोडणं म्हणजे कामाचं एक दार बंद करणं. इथं ते घर हलवण्यापर्यंत जाऊ शकतं. तेव्हा "सोड की, काय एवढं त्यात!" असा सल्ला शहरात बसून देणाऱ्यांचं ऐकू नका.

आता काम आटतं म्हणजे नेमकं काय आटतं?

परवा एका तरुण अनुवादिकेनं मला तिचा हिशेब दाखवला. इंग्रजीतून मराठी करणारी, उपशीर्षकांचं काम उत्तम जाणणारी मुलगी. साइटवर प्रत्येकाला आपली आकडेवारी बघता येते: किती प्रपोजल पाठवली, त्यातली किती क्लायंटनं उघडली, किती जणांशी बोलणं झालं, किती कामं हाती आली. आपल्यापैकी बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा बघतात आणि खचतात. तिनं चारही आकडे महिन्यांप्रमाणे उतरवून काढले होते. तिची प्रपोजल आधी जेवढी उघडली जायची, तेवढीच आताही उघडली जात होती. म्हणजे साइटनं तिला मागं ढकललं नव्हतं. बोलणंही होत होतं. पण बोलणं सुरू झालं की समोरून यायचं, "अनुवाद मशीननं केलाय, फक्त तपासून द्या," आणि दर निम्म्याहून खाली. शिवाय इंग्रजी–मराठीची कामंच मुळात कमी लागत होती.

हे फार महत्त्वाचं आहे. प्रपोजल उघडलीच जात नसतील, तर दोष प्रोफाइलमध्ये आहे नाही तर साइटच्या क्रमवारीत, आणि मग दुसरी साइट बघण्यात अर्थ आहे. उघडली जातात पण पुढे उत्तर येत नाही, तर नमुने आणि दर तपासा. पण कामच बदललं असेल, तर एका साइटवरून दुसरीवर उडी मारून काय हाती लागणार? तेच काम, तोच दर, आणि प्रोफाइल मात्र पुन्हा शून्यापासून. २०१७ च्या एप्रिलमध्ये गूगलनं मराठीसाठी न्यूरल अनुवाद सुरू केला, २०२२ मध्ये केंद्र सरकारची भाषिणी आली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी. तिच्या वहीतली घसरण या सगळ्यांनंतरची आहे. त्या मुलीला मी सांगितलं की तू साइट बदलू नकोस, कामाचा प्रकार बदल.

आपल्या प्रदेशानं हे आधीही पाहिलंय. सेलू निजामाच्या राज्यात होतं. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकवायचं ठरलं, म्हणून १९१७ मध्ये हैदराबादला दारुल तर्जुमा नावाची अनुवाद संस्था उभी राहिली. वैद्यक, कायदा, गणित, इतिहास या विषयांची पुस्तकं तिथं विद्वानांनी उर्दूत आणली, हजारो परिभाषा घडवल्या. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, पुढे शिक्षणाचं माध्यम बदललं आणि ते काम थांबलं. त्या अनुवादकांच्या भाषेत काही कमी नव्हती. ज्याला अनुवाद हवा होता तो आश्रयदाताच उरला नाही. काम आटलं की आपण आधी स्वतःलाच दोषी धरतो, रात्र रात्र प्रोफाइल सुधारत बसतो. आधी विचारायला हवं की मागणारा कुठं गेला.

तरीही साइटचा हिशेब करायलाच हवा. अपवर्कनं २०१६ मध्ये कमिशनची रचना अशी ठेवली होती: एका क्लायंटकडून पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्यावर ५ टक्के. नवा क्लायंट महाग पडायचा, पण जुना क्लायंट जपला की कमिशन उतरत जायचं. निष्ठेला काही मोल होतं. २०२३ मध्ये सरसकट १० टक्के झालं आणि २०२५ च्या मे महिन्यापासून नव्या कामांवर शून्य ते १५ टक्क्यांपर्यंत बदलतं कमिशन आलं. २०२३ च्या बदलामुळे ज्यानं एक मोठा क्लायंट वर्षानुवर्षं सांभाळला, त्याचं कमिशन ५ टक्क्यांवरून दुप्पट झालं. शिवाय २०१९ पासून अर्ज करायलाच कनेक्ट्स विकत घ्यावे लागतात, एकाला १५ सेंट. एका प्रपोजलला दहा-बारा कनेक्ट्स लागले तर दीड-पावणेदोन डॉलर गेले, काम मिळो न मिळो. फायवर तर प्रत्येक कामातून २० टक्के कापून घेतं. काम भरपूर असतं तेव्हा या रकमा जाणवत नाहीत. काम आटलं की त्याच रकमांसाठी पदरमोड करावी लागते. आणि साइटवर भेटलेला क्लायंट हळूच बाहेर वळवू असं कुणाच्या मनात असेल, तर करार नीट वाचा. अपवर्कवर ओळख झाल्यापासून दोन वर्षं व्यवहार तिथूनच करावा लागतो, नाही तर बाहेर जाण्याचं शुल्क भरावं लागतं. नियम मोडून खातं गमावू नका. दोन वर्षं थांबणं परवडतं.

या भागातल्या प्रत्येक घरात कापूस आहे, म्हणून कापसाच्या इतिहासाची आठवण करून देते. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्यानं कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा. हेतू खरा होता, व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकऱ्याला सोडवायचं होतं. पुढं चुकारे रखडू लागले. बाहेर भाव चढला की कापूस राज्याची सीमा ओलांडून जायचा, आणि बाहेर भाव पडला की सगळा सरकारी यंत्रणेच्या दारात यायचा. शेवटी २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. कापूस कुठं घालायचा हे कुणाला ठरवता येत होतं? ज्याच्या घरात पुढच्या पेरणीपुरते पैसे होते, त्याला. सावकाराची उधारी डोक्यावर असलेल्यानं पहिल्या दिसलेल्या काट्यावर गाडी उभी केली. आपलंही तसंच आहे. खिसा रिकामा असताना घेतलेला साइट सोडायचा निर्णय आपला नसतोच, तो रिकाम्या खिशाचा असतो. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: साइट सोडायची असेल तर काम बरं असतानाच्या महिन्यात सोडा. दुष्काळाच्या महिन्यात सोडू नका. आणि सोडायची म्हणजे खातं बंद करू नका. तिथले तुमचे अभिप्राय ही तुमची कमाई आहे. फक्त पैसे भरून अर्ज करणं थांबवा.

मग बाहेर काय आहे? मी मुद्दाम इथलंच सांगते. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकालीन उर्दू दप्तर आणि मोडीतली कागदपत्रं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना, उर्दू जाणणाऱ्यांना सरकारी कचेऱ्यांत बोलावणं आलं. त्या कामासाठी कुणीही परदेशी साइटवर जाहिरात टाकली नव्हती. जो मोडी शिकून बसला होता, त्याला काम मिळालं. सेलूच्या वकिलाचं प्रकरण छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं, तेव्हा सातबारा, फेरफार, जबाब, पंचनामा यांचा इंग्रजी अनुवाद लागतो. "सामायिक धुरा" किंवा "पोटखराबा" म्हणजे काय, हे मशीनला नीट कळत नाही. त्यात एक शब्द चुकला तर जमिनीचा दावा बिघडतो. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथलं संशोधन इंग्रजीत लिहिलं जातं, पण शेतकऱ्याच्या हाती ते मराठीतच जायला हवं, आणि तेही त्याला कळेल अशा मराठीत. ही कामं साइटवर सापडत नाहीत. ती ओळखीतून, चांगल्या नमुन्यातून, वेळेवर दिलेल्या कामातून मिळतात.

इथल्या कामाची खोड मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही: बाकी. साइट कमिशन घेते, पण पैसे बुडत नाहीत. इथं "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणत वर्ष जातं. त्यासाठी कायदा आहे आणि आपण तो वापरत नाही. उद्यम नोंदणी मोफत होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं नोंदणी असलेल्याला पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. वकिलाचं असो की प्रकाशकाचं, काम घेताना निम्मी रक्कम ॲडव्हान्स घ्या, कामाचा कागद करा, बिलावर उद्यम क्रमांक टाका. ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायची लाज वाटते हे मला कळतं. पण त्या लाजेमुळेच आपण शेवटी परत साइटवर जातो.

आणखी एक. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांची व्याख्या आहे आणि ॲग्रिगेटरांच्या यादीत व्यावसायिक सेवा देणारे प्लॅटफॉर्मही आहेत. आजवर या विषयावरची बहुतेक चर्चा टॅक्सीचालक आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलांपुरती झाली, आणि त्यांचा हक्क आधी आहेच. पण रात्री दोन वाजता कॅलिफोर्नियाच्या सकाळशी जुळवून घेत काम करणारी अनुवादिकाही कामगारच आहे. तिचं नाव या कायद्यात नीट यायला हवं. ते आपण मागितल्याशिवाय कुणी घालणार नाही. आपल्यापैकी जे पात्र आहेत, त्यांनी ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवावं.

शेवटी माझी तुम्हाला विनंती आहे. परभणी जिल्ह्यात कोणकोण अनुवाद करतं, कोण मोडी वाचतं, कोण उर्दू जाणतं, कोण मुद्रितं तपासतं, याची एक यादी आजपर्यंत कुणी केलेली नाही. वकिलाला अनुवादक लागला की तो पुण्याला फोन लावतो, आणि त्याच गल्लीत बसलेली मुलगी कनेक्ट्स विकत घेत असते. सभागृहाबाहेर टेबलावर नोंदणीचे तक्ते ठेवले आहेत. जाण्यापूर्वी आपलं नाव, भाषा, कामाचा प्रकार आणि ज्याच्या खाली आपण जाणार नाही तो दर, एवढं लिहा. दर लिहायला कचरू नका. ही यादी सेलू, जिंतूर, पाथरी आणि परभणीच्या वकील संघांना, कृषी विद्यापीठाला आणि प्रकाशकांना पुढच्या पंधरवड्यात पोहोचवायची आहे, आणि ते काम मी स्वतः करणार आहे.