गोचीड आणि त्याचे ताप
(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत मी गोचिडावर बोलणार आहे असे चिटणीसांना कळविले, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि "गुरांचा डॉक्टर दुसरे काय बोलणार!" असे म्हणून त्यांनी हसत परवानगी दिली. त्यांचे म्हणणे खोटे नाही. नोकरीची सगळी वर्षे मी गोठ्यांतून काढली, आणि माणसांपेक्षा गोचिडांशी माझी ओळख अधिक जुनी आहे. पण हा विषय निवडण्याला दुसरेही कारण आहे. प्रतापनगरातील आपल्या पुष्कळ कुटुंबांचे मूळ गाव कोकणात आहे. परीक्षा आटोपल्या की मुलाबाळांना घेऊन आपण गावी जातो. काजू, फणस आणि रानमेवा यांच्या निमित्ताने मुले दिवसभर रानात असतात. शिवाय हिवाळ्यात आपली तरुण मंडळी पावागड, जांबुघोड्याच्या रानात शिबिरे भरवितात. पाणी, पांघरुणे, शिधा यांची याद्या करून तयारी होते. गोचिडाचा विचार मात्र त्या यादीत कधी नसतो.

प्रथम हा प्राणी काय आहे ते पाहू. गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ. तो कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातला. अंड्यातून निघालेले पिल्लू मोहरीपेक्षाही बारीक असून त्याला सहाच पाय असतात. एकदा पोटभर रक्त प्यायले की ते गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांचे होते. या मधल्या अवस्थेतील गोचिडाला आपण बालगोचीड म्हणू. तोही पुन्हा एखाद्या प्राण्याचे रक्त पितो, पुन्हा गळतो, आणि मग पूर्ण गोचीड होतो. रानातल्या बहुतेक जातींत या तीन जेवणांसाठी तीन वेगवेगळे यजमान लागतात. एका यजमानाचा आजार दुसऱ्याच्या अंगात पोचतो तो असा. भरल्या पोटाची मादी जमिनीवर उतरून हजारो अंडी घालते आणि मरते.

गोचीड उडत नाही, उडी मारीत नाही, झाडावरून नेम धरून अंगावर पडतो हेही खरे नाही. तो गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट पाहत बसतो. त्या पायांवर एक इंद्रिय असते, त्याने त्याला आपल्या श्वासातील वायूची व अंगाच्या उबेची चाहूल लागते. आपण जवळून गेलो की तो कपड्याला लटकतो आणि तेथून वर चढतो. चावल्याचे कळत का नाही, असे लोक विचारतात. त्याच्या लाळेत कातडी बधिर करणारी द्रव्ये असतात. तोंडाला उलटे काटे असतात, आणि कित्येक जाती तर सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून तोंड कातडीत पक्के बसवितात. आपल्या भाषेत चिवट माणसाला "गोचिडासारखा चिकटला" म्हणतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे माकडतापाकडे वळतो.

१९५७ सालची गोष्ट. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे रान आहे. त्या भागात वानर आणि माकडे पटापट मरू लागली, आणि आसपासच्या खेड्यांत माणसांनाही जोराचा ताप येऊ लागला. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्याने विषाणू संशोधन केंद्र निघाले होते, त्यालाच आज आपण राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तेथील शास्त्रज्ञ धावले. आशिया खंडात कधीही न आलेला पीतज्वर आपल्या देशात शिरला की काय, अशी त्यांना पहिली धास्ती होती, कारण त्या रोगातही माकडे मरतात. तपासाअंती निघाला तो निराळाच विषाणू. त्याचे नाते रशियातील गोचिडांपासून होणाऱ्या मेंदूज्वराशी होते, आणि तो पसरविणारा होता रानातला गोचीड. रानाच्या नावावरून रोगाला क्यासनूर अरण्यज्वर हे नाव मिळाले. या कामात प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनाही लागण झाली. ज्ञान असे काही वेळा अंगावर घेऊनच मिळवावे लागते.

पुढे कित्येक वर्षे हा रोग कर्नाटकच्या त्याच भागात राहिला, आणि "तो तिकडचा आजार" असे आपण समजत होतो. नंतर तो तामिळनाडू व केरळच्या रानांत दिसला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली येथे आला, आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातील केर गावी. पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात त्याने चांगलाच जोर धरला व माणसे दगावली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ याच टापूत आहे, तेव्हा ही नावे ऐकून काहींच्या माना वर झालेल्या मला येथून दिसत आहेत.

माणसाला बहुधा चावतो तो बालगोचीड, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. काजूची बोंडे वेचण्याचा, पातेरा गोळा करण्याचा, लाकूडफाटा आणण्याचा काळही नेमका हाच. पाऊस लागला की बालगोचीड कमी होतात आणि साथ ओसरते. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी हंगामाच्या शेपटावर येते, पण हंगामातच येते.

चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप भरतो. कपाळ ठणकते, अंग मोडून येते, उलट्या व जुलाब होतात. काहींच्या हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. पुष्कळ रोगी एक-दोन आठवड्यांत उठतात. काहींना मात्र मध्ये बरे वाटून तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप येतो, आणि त्या वेळी भ्रम, कंप, दृष्टी अधू होणे अशी मेंदूची लक्षणे दिसतात. शंभरांत तीन ते पाच रोगी दगावतात. या विषाणूवर खास औषध नाही. वेळीच रुग्णालयात नेऊन शरीरातील पाणी, रक्तस्राव व रक्तदाब सांभाळणे हाच उपचार आहे. जुनी लस कर्नाटकात १९९० पासून देत असत. तिचा गुण कमी पडू लागल्याचे दिसून आले व २०२२ मध्ये ती बंद झाली. नव्या लसीचे काम हाती घेतलेले आहे. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही, म्हणून आजारी नातलगाला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही.

यात एक नाजूक गोष्ट आहे आणि ती मी टाळणार नाही. वानर मेला तर त्याला मारुतीचे रूप मानून हार घालणे, हळदकुंकू वाहणे, खांद्यावरून नेऊन माती देणे ही आपल्याकडची, गुजरातेतलीही, जुनी रीत आहे. त्यामागील भावनेचा मला आदर आहे. पण माकडतापाच्या टापूत मेलेल्या वानराच्या अंगावरचे गोचीड प्रेत थंड होताच उतरतात आणि भोवतालच्या गवतात दुसरा यजमान शोधतात. हार घालणारा हात हाच त्यांना सर्वांत जवळचा. तेव्हा हात जोडावेत ते दुरूनच. मुलांना जवळ फिरकू देऊ नये, आणि ताबडतोब आरोग्य केंद्राला व वनखात्याला कळवावे. ते लोक प्रेताची विल्हेवाट लावतात आणि सुमारे ५० मीटरच्या घेऱ्यात गोचीड मारणारी भुकटी टाकतात. गावात पहिली सूचना वानरच देतो. त्याच्या मरणाची वेळेवर वर्दी देणे ही त्याचीही सेवाच आहे, असे मला वाटते.

माकडताप सह्याद्रीकडचा असला, तरी आपल्या गुजरातनेही गोचिडाचा प्रताप पाहिलेला आहे. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात, साणंद तालुक्यातील कोलाट गावच्या एका स्त्रीला ताप व रक्तस्राव होऊन मृत्यू आला. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही दगावले. पुण्याच्या संस्थेने निदान केले ते क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे. भारतात हा रोग निश्चितपणे सिद्ध झालेला तो पहिला प्रसंग. हा ताप गुराढोरांवरील हायलोमा जातीच्या गोचिडांपासून, जनावरांच्या रक्तापासून, तसेच रोग्याच्या रक्ताच्या संपर्कानेही लागतो. तेथे माकडतापासारखी निर्धास्ती चालत नाही. जनावराच्या अंगावरचे गोचीड उपटून नखाने टचकन फोडण्याची सवय मी असंख्य गोठ्यांत पाहिली आहे. ती सवय सोडून द्या.

यापेक्षा साधा एक गोचीडज्वर कुत्र्यावरील गोचिडांपासून होतो. त्यात तळहात-तळपायांवरही पुरळ उठते. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने तो बरा होतो, मात्र वेळेवर ओळखला तर.

आता करायचे काय? रानात जाताना फिक्या रंगाचे, अंगभर कपडे घालावेत. फिक्या कापडावर गोचीड चटकन दिसतो. लेंग्याची टोके मोज्यांत खोवावीत, दिसण्याची फिकीर करू नये. सिंधुदुर्गात आरोग्य खात्याने अंगाला लावण्यासाठी डीएमपी तेल वाटले. ते, किंवा दुकानात मिळणारे डीट असलेले मलम, उघड्या कातडीला लावावे. पातेऱ्यात बसू नये, आडवे तर मुळीच होऊ नये. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबण लावून स्नान करावे आणि अंग तपासावे : कानामागे, केसांत, काखेत, कमरेला नाडीच्या जागी, गुडघ्यामागे, जांघेत. मुलांचे आईने पाहावे, म्हाताऱ्यांचे सुनेने वा नातवाने पाहावे.

चिकटलेला गोचीड सापडला तर घासलेट, तंबाखू, चुना, पेटती उदबत्ती यांपैकी काहीही लावू नये. आपल्या आज्या हे उपाय करीत, आणि त्यांच्याविषयी मला कमी आदर नाही. पण डिवचलेला गोचीड पोटातले रक्त व लाळ उलट जखमेत ओकण्याची भीती असते. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, अगदी कातडीलगत पकडावे आणि पीळ न देता सरळ वर, हलक्या पण सतत जोराने ओढावे. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने कोरू नये, तो आपोआप बाहेर पडतो. जागा साबणाने धुवावी, चावल्याची तारीख व ठिकाण लिहून ठेवावे. महिन्याभरात ताप आला, तर बडोद्यातल्या डॉक्टरला, "मी अमुक तारखेला दोडामार्गात काजूच्या बागेत होतो" असे आपण होऊन सांगावे. डेंग्यू आणि मलेरिया यांच्या गर्दीत त्याला ते सुचणे कठीण असते. आणि असल्या तापात ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने घेऊ नये, तिने रक्तस्राव वाढतो.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. नातवंडे सांभाळायला आपण न्यू जर्सीला जातो आणि घरामागच्या हिरवळीवर अनवाणी फिरतो. तेथे हरणाचा गोचीड लाइम नावाचा आजार देतो. कनेक्टिकट राज्यातील लाइम गावात १९७५ च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून हे नाव पडले, आणि १९८२ साली विली बर्गडॉर्फर यांनी त्याचा जंतू गोचिडात शोधून काढला. चाव्याभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ ही त्याची खूण, पण ती प्रत्येकात दिसतेच असे नाही. हा जंतू अंगात शिरायला बहुधा एक दिवसाहून अधिक काळ लागतो, म्हणून रोज संध्याकाळी अंग तपासणारा बव्हंशी सुरक्षित राहतो.

घरात कुत्रा असेल तर त्याचे कान आणि पायांच्या बोटांमधल्या फटी आठवड्यातून दोनदा पाहा. कुत्र्याचा गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालतो, म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, भेगाही बुजवाव्या लागतात. औषध किती व कोणते हे पशुवैद्याला विचारूनच घालावे. गुरांसाठीचे औषध मांजरावर शिंपडून मांजर गमावलेली घरे मला माहीत आहेत.

मी स्पिरिटमध्ये ठेवलेले थोडे नमुने आणले आहेत. एका बाटलीत पिल्ले, एकीत बालगोचीड, एकीत भरल्या पोटाची मादी, तिला एरंडीचे बी समजू नये. सोबत भिंग आहे. बाटल्या पुढच्या रांगेपासून मागे जाऊ द्या, झाकणे कृपया उघडू नका. शिबिराला जाणाऱ्या मुलांनी दुसरी बाटली नीट पाहावी, कारण रानात शोधायचा आहे तो त्याच आकाराचा प्राणी.

ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी आता विचारावे.