टपालातून घडलेला अल्बम

लॉस एंजेलिसचा जिमी टॅम्बोरेलो यंत्रांवर ताल आणि सुरावटी रचायचा आणि डिजिटल टेप टपालानं बेन गिबर्डला पाठवायचा. गिबर्ड त्यात शब्द आणि गळा भरून टेप परत धाडायचा. यातूनच 2003 साली ‘गिव्ह अप’ हा अल्बम आला. बँडचं नावही त्यांनी ‘द पोस्टल सर्व्हिस’ असंच ठेवलं.

आज हौशी संगीतकार फायली पाठवतात. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा द्यावा, पण सगळे शून्य सेकंदापासून सुरू होणारे हवेत. सोबत टेम्पो आणि पट्टी लिहावी. नाहीतर समोरच्याची अख्खी संध्याकाळ जुळवाजुळवीत जाते.

आणि अभिप्राय? ‘भारी झालंय’ ऐकून बरं वाटतं, पण हाती काही लागत नाही. ‘1 मिनिट 20 सेकंदांवर बेस येतो आणि किक ड्रम दबतो’ असं नेमकं सांगा. दोघांचा जोर साधारण 50 ते 100 हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे एकाला दुसऱ्यासाठी जागा सोडावीच लागते. दोन मिक्स ताडून बघताना मात्र आधी आवाजाची पातळी सारखी करा, कारण मोठ्यानं वाजणारा मिक्स कानाला उगीचच सरस वाटतो.