मोतीबिंदू काढण्याआधी पडदा तपासून घ्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आता मोतीबिंदूच्या शिबिरांचे दिवस आहेत. तुमच्यापैकी कुणी सासूबाईंना नेणार, कुणी आईला, कुणी स्वतः जाणार. म्हणून आज एकाच गोष्टीवर बोलते: ज्यांना शुगर आहे, त्यांचा मोतीबिंदू.

"ऑपरेशन झालं, पण नजर काही आली नाही," असं आपण ऐकतो. लगेच ऑपरेशनला नाव ठेवतो. पण दर वेळी दोष ऑपरेशनचा नसतो. डोळा म्हणजे एक खोली समजा. मोतीबिंदू ही खिडकीची धुरकट झालेली काच. ऑपरेशनमध्ये ती काढून नवी बसवतात. पण आपल्याला दिसतं ते मागच्या भिंतीमुळे, म्हणजे पडद्यामुळे. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात. भिंतीला ओल येते ना, तशी पडद्याच्या मधोमध सूज येते. मग काच कितीही नवी असो, चित्र पुसटच.

आणखी एक. ऑपरेशननंतर डोळा काही दिवस दुखावलेला असतो, त्यामुळे शुगरवाल्यांमध्ये ही सूज नव्याने येऊ शकते किंवा आधीची वाढू शकते. म्हणजे ऑपरेशन करायचंच नाही का? करायचं. पण तयारीनं करायचं.

ऑपरेशनच्या आधी

पहिलं, शुगर लपवायची नाही. "सांगितलं तर परत पाठवतील," या भीतीने काहीजणी गप्प बसतात. तारीख पुढे गेली तर चालेल, नजर गेली तर चालणार नाही. शुगर, बीपीच्या गोळ्या आणि जुने कागद सोबत न्या. ऑपरेशनच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा.

दुसरं, "थेंब टाकून पडदा बघितला का?" हे विचारायचं. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी हवं. सूज असेल तर ओसीटी नावाच्या तपासणीत ती मोजता येते. ही तपासणी दुखत नाही.

तिसरं, मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. पूर्ण पिकला की डॉक्टरांना मागचा पडदाच दिसत नाही.

सूज सापडली तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच अंगावर काटा येतो, खरं आहे. पण आधी डोळा बधिर करतात आणि काम काही मिनिटांत होतं. एकाने भागतंच असं नाही, पुन्हा बोलावलं तर जायचं. काहींना लेझर लागतो. कुणाला काय, हे डॉक्टर ठरवतात.

ऑपरेशनच्या नंतर

पट्टी निघाली, स्वच्छ दिसलं, की आपण तपासणीला जायचं सोडून देतो. नेमकी तिथेच गफलत होते. ही सूज बऱ्याचदा महिना-दीड महिन्याने दिसते. म्हणून दिलेल्या प्रत्येक तारखेला जायचं आणि सांगितले तितके दिवस थेंब टाकायचे.

घरी एक सोपी परीक्षा करा. एक डोळा हाताने झाका आणि दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघा. मग दुसरा डोळा. रेषा वाकड्या दिसल्या, मधोमध डाग दिसला किंवा आधीपेक्षा पुसट झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. डोळा लाल होऊन दुखायला लागला किंवा नजर एकदम कमी झाली, तर त्याच दिवशी.

शुगर आणि बीपी मात्र कायम ताब्यात हवं. शिबिराच्या तोंडावर चार दिवस उपाशी राहून उपयोग नाही. एचबीएवनसी या तपासणीत मागच्या साधारण तीन महिन्यांची शुगर कळते, तिथे फसवता येत नाही. आणि मोतीबिंदू असो वा नसो, शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासायचाच.

गटाने काय करायचं

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने वहीत यादी करा: घरात शुगर कुणाला आणि पडदा शेवटचा कधी तपासला. ती यादी आशाताईंना दाखवा. शिबिराला जाणाऱ्या बाईसोबत गटातली एकजण जाईल, हे ठरवा. पुढच्या तपासण्यांच्या गाडीभाड्यासाठी अंतर्गत कर्ज मागितलं, तर त्याला आधी मंजुरी द्या. ज्या म्हातारीला घरातलं कुणी नेत नाही, तिचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा.