घरचा डिस्कसंच : कार्ड की कार्यप्रणाली?

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडून काम घेण्याची जी पद्धत मांडली, तिला ‘रेड’ म्हणतात. तिचा घरासाठी सर्वांत सोपा प्रकार म्हणजे ‘रेड १’. त्यात दोन डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते. ‘रेड ५’मध्ये किमान तीन डिस्क लागतात आणि ‘पॅरिटी’ नावाचा ताळा ठेवला जातो. एका डिस्कवर १ आणि दुसरीवर ० असल्यास तिसरीवर १ लिहून बेरीज सम राखली जाते, त्यामुळे दुसरी डिस्क निकामी झाली तरी उरलेल्या दोन एकांवरून तेथे शून्यच होते हे ठरवता येते.

हा हिशेब कोणी करायचा, एवढाच हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर रेडमधला मूळ भेद आहे. पहिल्यात तो स्वतःचा प्रोसेसर असलेले कंट्रोलर कार्ड करते, दुसऱ्यात लिनक्ससारखी कार्यप्रणाली संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून करून घेते, आणि आजच्या प्रोसेसरला घरगुती संचाचा हा भार जाणवतही नाही. कार्डाची खरी अडचण ते बिघडल्यावर कळते, कारण संचाची मांडणी बहुधा उत्पादकाच्या खास पद्धतीने नोंदलेली असल्याने डिस्क धडधाकट असूनही त्याच जातीचे कार्ड शोधत फिरावे लागते. लिनक्सच्या संचात मात्र प्रत्येक डिस्कवर तिची ओळख आणि जागा नोंदलेली असते, त्यामुळे या डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला कोणत्याही क्रमाने जोडल्या तरी संच पुन्हा उभा राहतो. घरासाठी हा गुण निर्णायक मानला पाहिजे.

चांगल्या कार्डावर अर्धवट राहिलेले लिखाण जपणारी बॅटरी असते, हा त्याचा मोठा गुण. सॉफ्टवेअर रेड ५मध्ये माहिती लिहून झाली आणि पॅरिटी लिहिण्याआधी वीज गेली, तर ताळा चुकतो. भारनियमन असलेल्या गावात यासाठी साधा इन्व्हर्टर पुरेसा ठरेलच असे नाही, कारण वीज बदलण्याच्या क्षणातही संगणक बंद पडू शकतो. तेथे यूपीएस हवा.

चुकून पुसलेली फाइल मात्र कोणत्याही रेडमध्ये सर्व डिस्कवरून एकदमच जाते. म्हणून कार्डासाठी काढलेले पैसे यूपीएस आणि माहितीची प्रत घराबाहेर ठेवण्यासाठीच्या एका वेगळ्या डिस्कवर खर्च करावेत.