फडताळातली बरणी आणि वाडीतलं खापर

मी गिरीजहून बोलतेय. बचत गटाच्या कार्यक्रमात आपण कर्ज, हप्ते, पापड-मसाले यांवर नेहमी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. आपल्या घरातली जुनी चिनीमातीची भांडी आणि वाडीत, बावखलाच्या काठावर मिळणारी खापरं. ती कशी ओळखायची, कशी जपायची आणि मुख्य म्हणजे त्यांची नोंद कशी ठेवायची, हे सांगणार आहे.

आधी नावंच बघा. चिनीमाती म्हणजे चीनमधून आलेली. हिंदीत बरणीला मर्तबान म्हणतात, ते ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून. तिथून मोठमोठ्या बरण्या जहाजांनी देशोदेशी जायच्या. आपल्याकडची जुनी माणसं बशीला पिरीज म्हणायची. तो शब्द पोर्तुगीजांचा. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. १५५७ च्या सुमारास त्यांनी चीनच्या किनाऱ्यावर मकावला ठाणं केलं आणि पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली चिनी भांडी गोव्याकडे येऊ लागली. म्हणजे आपल्या फडताळातल्या शब्दांतसुद्धा समुद्रावरचा व्यापार आहे.

आता ओळख. मातीच्या भांड्यांचे ढोबळ तीन प्रकार धरा. पहिला साधा भाजलेला, म्हणजे मडकं, गाडगं. तो पाणी पितो. म्हणून तर माठातलं पाणी गार राहतं. रहाटाला बांधायची गाडगी याच जातीची. दुसरा लोणच्याच्या बरणीचा. जाड, जड, फुटलेली कड करडी किंवा पिवळसर दिसते. भट्टी जास्त तापवलेली असते, त्यामुळे पाणी मुरत नाही. तिसरं खरं पोर्सेलिन. ते खास पांढऱ्या मातीचं असतं आणि साधारण तेराशे अंश उष्णतेला भाजतात. त्याची फुटकी कड आतपर्यंत पांढरी असते, पातळ तुकडा उजेडासमोर धरला तर उजेड आरपार दिसतो, आणि अखंड भांड्यावर टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येतो.

भांडं उलटं करून तळही बघा. इंग्रजीत ‘मेड इन इंग्लंड’ किंवा ‘मेड इन जपान’ असा छाप असेल, तर ते बहुधा विसाव्या शतकातलं. ते पोर्तुगीजांच्या काळातलं नाही. निळी नक्षी दिसली की लगेच चारशे वर्षांपूर्वीचं समजू नका. पण नवं निघालं म्हणून टाकूनही देऊ नका. आजीच्या लग्नातली बशी हासुद्धा इतिहासच आहे.

फुटक्या खापराला काय किंमत, असं कोणी विचारलं तर त्यांना नालासोपाऱ्याची गोष्ट सांगा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला. दगडी पेटीत तांब्याची डबी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेल्या आणखी डब्या होत्या आणि सगळ्यांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असं भगवानलालांनी मानलं. त्या काळच्या लोकांनी सोनं बाहेर ठेवलं आणि खापर आत जपलं.

दुसरं उदाहरण संजाणचं. आपला पालघर जिल्हा ओलांडला की गुजरातच्या हद्दीत ते गाव लागतं. तिथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झालं. चिनी भांड्यांचे तुकडे निघाले, आणि इराणच्या आखाताकडून आलेल्या हिरव्या-निळ्या झिलईच्या भांड्यांचेही. हजार-बाराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्याचा व्यापार कुठवर पोचला होता, ते या तुकड्यांवरून कळलं. पण ते कळलं कशामुळे? कोणता तुकडा कुठे, किती खोल, कशाच्या बरोबर सापडला, याची नोंद ठेवली होती म्हणून. तोच तुकडा कुणी खिशात घालून नेला असता, तर तो नुसता एक सुंदर तुकडा राहिला असता. पत्ता हरवलेलं खापर मुकं होतं.

आणि इथेच आपलं नुकसान चाललं आहे. जुनी घरं पाडून इमारती होताहेत, बावखलं बुजताहेत. मागे आमच्या गटातल्या एका ताईंचं जुनं घर पाडलं. माळ्यावर पाच बरण्या होत्या. एका माणसाने येऊन त्या पाचही किरकोळ पैशांत उचलल्या. पैसे कमी आले, ते एक वेळ सोडा. पण कुठली बरणी कुणाच्या माहेरून आली, कुठली मुंबईच्या बाजारातून बोटीने आली, हे फक्त त्यांच्या सासूबाईंना ठाऊक होतं. त्या आदल्या वर्षीच गेल्या. बरण्या पुन्हा मिळतील कदाचित, पण ती माहिती आता कुणीच देऊ शकत नाही.

म्हणून सांगते, विकायचं की ठेवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. घरात गरज असते, मी नाही म्हणणार नाही. पण विकण्याआधी नोंद करा. गटाचा जमाखर्च आपण चोख लिहितो, तसंच एक वही भांड्यांसाठी घाला. प्रत्येक भांड्याला एक क्रमांक. मग चार गोष्टी: काय आहे, कुणाच्या घरचं, कुठून आणि साधारण केव्हा आलं, आणि हे कोणी सांगितलं. मोबाईलवर तीन फोटो काढा: समोरून, तळाचा, आणि बाजूला मोजपट्टी ठेवून. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला आधी विचारा. ही माहिती पुरुषांपेक्षा तिच्याकडेच जास्त असते, कारण सगळं आयुष्य तिने ती भांडी हाताळली आहेत.

वाडीत काम करताना खापर वर आलं, तर साध्या पाण्याने मऊ ब्रशने हलकेच पुसा. ॲसिड, घासणी नको. भुसभुशीत तुकडा भिजवूही नका. प्रत्येक जागेचे तुकडे वेगळ्या पिशवीत ठेवा आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. शाई ओलीने पुसते. तुकडे गोंदाने जोडत बसू नका.

काही गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. खापरं मिळावीत म्हणून मुद्दाम खणायचं नाही. वसईचा किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तिथून खापराचा तुकडाही उचलायचा नाही. जमिनीत पुरलेलं मौल्यवान काही निघालं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी नेता येत नाहीत. दारात कोणी जुन्या वस्तू मागायला आलं, तर आधी परवाना विचारा.

आणि एक तब्येतीची गोष्ट. फार जुन्या झिलईत शिसं असू शकतं. लोणचं, चिंच, कोकम अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ते फार घातक. झिलईला चिरा गेलेली किंवा कुठली ते माहीत नसलेली बरणी शोभेला ठेवा, खाण्याला नको.

गटाची सहल काढायची असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटांनी जमवलेली चिनी-जपानी भांडी तिथे आहेत. आपल्या शेजारच्या भुईगावला १९५६ साली सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच आहे. पुण्याला गेलात, तर राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकर आणि कमलाबाई या नवरा-बायकोने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जमवली. ज्या वस्तू आपण अडगळ म्हणून काढून टाकतो, त्याच तिथे काचेच्या कपाटात आहेत.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने एक जुनं भांडं, निदान त्याचा फोटो आणावा. हप्ते जमा झाले की अर्धा तास नोंदींना द्यायचा. वीस जणींच्या गटात पहिल्याच दिवशी वीस नोंदी होतील. ८ मार्चला महिला दिनी त्यांचंच छोटं प्रदर्शन शाळेत मांडता येईल. वही, पेन्सिल आणि मोबाईल यांपलीकडे काही लागत नाही.

घरी आजी, सासूबाई, मोठी आई असेल, तर बैठकीची वाट बघू नका. आज संध्याकाळीच बरणी पुढ्यात ठेवा आणि त्या सांगतील ते लिहून घ्या. नमस्कार.