घरच्या तारेचा वेग आणि तिचें स्थैर्य



घरीं ब्रॉडबँडची तार आली म्हणजे शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो तिच्या वेगाचा. शासनाची व्याख्याहि वेगाचीच भाषा बोलते. २००४ सालच्या धोरणांत सेकंदास २५६ किलोबिट हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरला, २०१३ सालीं तो ५१२ झाला आणि २०२३ सालीं २ मेगाबिट. हे आंकडे वाढत गेले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ती तार दिवसांतून किती वेळां तुटते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. मला आज एवढेंच सांगावयाचें आहे कीं, घरच्या तारेचा खरा वेग म्हणजे तिच्या सर्वांत वाईट घटकेसहि टिकून राहणारा वेग होय. आणि तो हवा असेल तर चांगल्या घटकेचा थोडा वेग आपण होऊन सोडून द्यावा लागतो.

या दोहोंतील तंटा जुनाच आहे. १८५८ सालीं आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्यामध्यें अटलांटिक महासागराच्या तळाशीं पहिली तार घालण्यांत आली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश तिच्यावरून जाण्यास सुमारें सोळा तास लागले. विल्यम टॉम्सन या शास्त्रज्ञानें नाजूक आरशाचें यंत्र लावून दुर्बळ प्रवाहानें काम करण्याचा मार्ग दाखविला होता. परंतु कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस यास तें पटलें नाहीं. त्यानें सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब तारेवर दिला. आधींच सदोष असलेली ती तार थोड्याच आठवड्यांत कायमची मुकी झाली. तारेच्या अंगीं जेवढें बळ आहे तेवढेंच तिच्याकडून मागावें, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

या धड्यास गणिताचें रूप १९४८ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या क्लॉड शॅनन यांनीं दिलें. कोणत्याहि तारेवरून किती मजकूर बिनचूक पाठवितां येईल, तें दोन गोष्टींवर अवलंबून असतें: कंपनसंख्यांचा किती रुंद पट्टा आपणांस मिळाला आहे, आणि त्या पट्ट्यांत आपला संकेत गोंगाटाच्या किती पट मोठा आहे. गोंगाट वाढला कीं वेगाची मर्यादा खालीं येते. या नियमांतून सुटका नाहीं. सूट मागण्याची सोयहि नाहीं.

आतां हा नियम प्रत्यक्ष घरांत कसा वागतो तें पाहूं. उदाहरणासाठीं पालघरच्या पश्चिमेस, सातपाटीच्या रस्त्यावर असलेलें शिरगांव घेऊं. गांव समुद्रकांठचें, हवा दमट व खारट, पावसाळा मुसळधार. भारत संचार निगमनें २००५ सालच्या जानेवारींत टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या जोडतारेवरून ब्रॉडबँड देण्यास आरंभ केला. ही जोडतार बोलण्यासाठीं घातलेली होती. तिच्यावरून दहा लाखांहून अधिक कंपनसंख्येचे संकेत न्यावयाचे हें तिच्यावर नवें ओझें होतें. तार जसजशी लांब होते तसतसा संकेत दुबळा होतो, आणि उंच कंपनसंख्येचे संकेत सर्वांत आधीं विरतात. म्हणून एक्स्चेंजच्या शेजारच्या घरास जो वेग मिळतो, तो तीन-चार किलोमीटरवरच्या घरास मिळत नाहीं. त्यांत कोणाची लबाडी नसते. खाऱ्या हवेनें जोड गंजले आणि त्यांत पावसाचें पाणी शिरलें म्हणजे तीच तार दुपारीं एक व मध्यरात्रीं दुसरी असें वागूं लागते.

रात्रीचें आणखी एक कारण आहे, आणि तें आकाशवाणीवरून सांगतांना मला थोडी मौज वाटते. मध्यम लहरींवरील आकाशवाणीचा पट्टा आणि तांब्यावरील ब्रॉडबँडचा पट्टा हे बऱ्याच अंशीं एकमेकांवर पडतात. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरदूर पोंचतात. श्रोत्यास लांबचें केंद्र ऐकूं येतें, पण उघड्या तांब्याच्या तारेस तोच आवाज गोंगाट वाटतो. त्यांत शेजाऱ्यांचे मोडेमहि सायंकाळींच चालूं होतात आणि एकाच केबलींतील एका जोडीचा आवाज दुसरींत झिरपतो. तात्पर्य, दुपारच्या शांततेंत मोजलेला वेग ही रात्रीची हमी नव्हे.

मोडेम सुरू होतांच एक्स्चेंजमधील यंत्राशीं बोलणें करून, गोंगाट किती आहे तें मोजून आपला वेग ठरवितो. त्या वेळीं तो थोडी शिल्लक राखून ठेवतो. तिचें माप डेसिबलमध्यें असतें. बहुधा ही शिल्लक ६ डेसिबल असते. याचा अर्थ असा कीं, गोंगाटाची शक्ति चौपट होईपर्यंत तार सुरळीत चालेल. शिल्लक ९ केली तर गोंगाट आठपट होईपर्यंत, आणि १२ केली तर सोळापट होईपर्यंत ती टिकेल. शिल्लक संपली कीं चुका वाढतात, शेवटीं तार तुटते, आणि दोन्ही यंत्रें पुन्हां पहिल्यापासून बोलणीं करूं लागतात. त्यांत अर्धें-एक मिनिट सहज जातें.

या शिल्लकीची किंमत किती पडते? हिशेब सोपा आहे. ही यंत्रें पट्ट्याचे अनेक बारीक भाग करून प्रत्येक भागावरून सेकंदास सुमारें चार हजार वेळां कांहीं बिट पाठवितात. शिल्लक ३ डेसिबलनीं वाढविली तर प्रत्येक भागावर सुमारें एक बिट कमी होतो. तारेचे ३०० भाग उपयोगांत असतील, तर ३०० गुणिले ४०००, म्हणजे सेकंदास बारा लाख बिट, अर्थात् सव्वा मेगाबिटच्या आंतच तोटा होतो. दहा मेगाबिटची तार पावणेनऊची होते. चित्रासह संभाषणास साधारणतः एक-दोन मेगाबिट पुरतात. हा तोटा घरांत कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. परंतु संभाषण मधेंच तुटलें तर तें सर्वांच्या लक्षांत येतें. शिडाच्या होड्यांच्या काळांत शहाणा तांडेल आभाळ पाहूनच शीड आखडीत असे. बंदरास पोंचण्यास थोडा उशीर झाला म्हणून त्यास कोणी भित्रा म्हणत नसे.

दुसरा उपाय मजकुराचा क्रम मुद्दाम विसकटून पाठविण्याचा आहे. विजेचा क्षणिक झटका आला तर एकाच ठिकाणचा सगळा मजकूर नष्ट होण्याऐवजीं अनेक ठिकाणचें एकेक अक्षर जातें, आणि तें दुरुस्त करतां येतें. याची किंमत वेगांत नव्हे, तर विलंबांत पडते. संदेश कांहीं मिलिसेकंद उशिरां पोंचतो. पत्रव्यवहारास व चित्रपटास तो जाणवत नाहीं; खेळ खेळणाऱ्या मुलास मात्र जाणवतो, आणि तो तक्रार करतो!

आतां पुष्कळ ठिकाणीं तांब्याची जागा कांचेच्या तंतूनें घेतली आहे. त्यांतून प्रकाश जातो. त्यास रेडिओचा वा गंजाचा उपद्रव नाहीं. तरीहि तंटा मिटला असें समजूं नये. तो फक्त घरांत आला आहे. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जलद खरा, पण भिंतींपुढें तो लवकर थकतो, २.४ चा संथ, पण दूरच्या खोलींत पोंचतो. घरांतून कोणीं छायाचित्रें वर चढविण्यास लावलीं कीं पाठविण्याची वाट तुंबते आणि दुसऱ्याचें बोलणें अडखळतें. राउटरमध्यें सोय असेल तर मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर मर्यादा घालावी. दहा टक्के गमावून बोलणें निर्वेध होतें. विजेचीहि गोष्ट अशीच आहे. जुन्या टेलिफोनास एक्स्चेंजच्या बॅटरीची वीज मिळे, म्हणून घर अंधारांत असतांनाहि तो बोले. कांचतंतूच्या यंत्रास घरचीच वीज लागते. पावसाळ्यांत वीज जाणाऱ्या गांवीं त्यासाठीं एक लहान बॅटरी ठेवणें हें अधिक महागड्या योजनेपेक्षां शहाणपणाचें.

तेव्हां गृहस्थानें करावें काय? प्रथम जोड तपासावे, घरांतील निरुपयोगी फांद्यांच्या तारा काढून टाकाव्या आणि टेलिफोनाचा फिल्टर नीट बसवावा; कारण सैल जोड ठेवून शिल्लक वाढविणें म्हणजे गळक्या छपराखालीं मोठें पातेलें ठेवणें होय. मग आठवडाभर, शक्य तर पावसांतहि, सकाळीं, दुपारीं व रात्रीं मोडेमच्या पानावरील वेग, शिल्लक व चुका वहींत टिपाव्या. रात्रींची शिल्लक दोन-तीन डेसिबलवर येत असेल, तर सेवा देणाऱ्यास ती वही दाखवून वेग थोडा उतरविण्यास सांगावें. “तार बिघडली आहे” या तक्रारीपेक्षां आंकड्यांची तक्रार लवकर ऐकली जाते.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. २०२० सालीं टाळेबंदींत शाळा याच तारांवर भरल्या, आणि त्याच वर्षीं ई-संजीवनीच्या द्वारें घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळूं लागला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेस व रुग्णाच्या प्रश्नास दहा मेगाबिट लागत नाहींत. त्यांस लागतो तो न तुटणारा अर्धा तास. तो अर्धा तास मिळाला, तर उरलेला वेग हा निव्वळ अलंकार समजावा. आपल्या घरच्या तारेस आज रात्रीं दहा वाजतां हाच प्रश्न विचारून पाहा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.